पहिला वेस्टर्न ब्लॉट करताना

पेशीतली प्रथिनं जेलच्या जाळीत आकारानुसार वेगळी करायची, तिथून एका पातळ पडद्यावर उतरवायची आणि त्यातलं हवं ते प्रथिन अँटिबॉडीने, म्हणजे त्याला ओळखून चिकटणाऱ्या रेणूने, शोधायचं, ही पद्धत म्हणजे वेस्टर्न ब्लॉट. त्याला साधारण दोन दिवस लागतात आणि निकाल कळतो तो अगदी शेवटी. मधल्या वीस-पंचवीस कृतींपैकी कुठलीही बिघडली तरी शेवटी दिसतं ते एकच, कोरं चित्र. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की अँटिबॉडी खराब आहे. बहुतेक वेळा अँटिबॉडीचा काही दोष नसतो. नमुना पातळ असतो, प्रथिनं जेलमधून पडद्यावर उतरलेलीच नसतात किंवा जेल आणि पडद्याचं सँडविच उलटं लावलेलं असतं. म्हणून या लेखात कृतीइतकाच भर थांबून तपासण्याच्या जागांवर दिला आहे. त्या जागा चुकवल्या नाहीत तर ब्लॉट फसला तरी कुठे फसला ते कळतं आणि पुढच्या वेळी तेवढंच दुरुस्त करता येतं.

आधी तत्त्व समजून घ्या

पेशी फोडून मिळालेल्या द्रवात हजारो प्रकारची प्रथिनं असतात. प्रत्येकाची घडी वेगळी, आकार वेगळा, विद्युतभार वेगळा. ती तशीच विद्युतक्षेत्रात सोडली तर या सगळ्या गोष्टींचा परिणाम एकमेकांत मिसळतो आणि कोण कशामुळे पुढे गेलं ते सांगता येत नाही. एसडीएस, म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट, हा गुंता सोडवतं. ते प्रथिनाची घडी मोडतं आणि साखळीला सर्वत्र चिकटतं. दर ग्रॅम प्रथिनाला साधारण १.४ ग्रॅम एसडीएस बसतं. त्यामुळे साखळी जितकी लांब तितका तिच्यावरचा ऋणभार जास्त, आणि प्रथिनाचा मूळचा भार या ऋणभारापुढे नगण्य ठरतो. आता सगळीच प्रथिनं धन टोकाकडे निघतात, फरक पडतो तो जेलच्या जाळीत कोण किती अडतं याचा. लहान पुढे, मोठी मागे. साखळ्यांना जोडणारे डायसल्फाइड बंध तोडायला बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी लागतं, हे काम एसडीएस करत नाही.

आज प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाणारी पद्धत लेम्ली यांनी १९७० साली टी४ या विषाणूवर काम करताना मांडली. तिच्यात एका जेलवर दुसरं जेल असतं. वरचं स्टॅकिंग जेल विरळ आणि पीएच ६.८ चं, खालचं रिझॉल्विंग जेल दाट आणि पीएच ८.८ चं. ६.८ ला बफरमधल्या, म्हणजे पीएच टिकवून धरणाऱ्या द्रावणातल्या, ग्लायसिनवर निव्वळ भार फारच थोडा असतो, त्यामुळे ते मागे रेंगाळतं. क्लोराइड आयन पुढे धावतात आणि या दोघांच्या मध्ये प्रथिनं एका बारीक पट्ट्यात दाबली जातात. खालच्या जेलमध्ये पोचल्यावर ग्लायसिनला ऋणभार मिळतो, ते प्रथिनांना ओलांडून पुढे जातं आणि खरं वेगळं होणं तिथून सुरू होतं. म्हणजे रेषेसारखे रेखीव बँड, म्हणजे एकेका आकाराच्या प्रथिनांच्या पट्ट्या, मिळतात ते या दोन पीएचमुळे. बफर बनवताना पीएच अंदाजाने धरू नका, असं सांगतात ते याचसाठी.

नमुना: अर्धं काम इथेच होतं

पेशी फुटली की तिच्यातली प्रोटिएझ एन्झाइम्स मोकळी सुटतात आणि तुमचं प्रथिन खायला लागतात. म्हणून सगळं बर्फावर, बफर आधीच गार केलेलं आणि त्यात प्रोटिएझ इन्हिबिटर, म्हणजे या एन्झाइम्सना रोखणारं रसायन, ऐनवेळी घातलेलं. पीएमएसएफ हे इन्हिबिटर वापरत असाल तर हे विशेष लक्षात ठेवा, ते पाण्यात थोड्याच वेळात निकामी होतं. काल पीएमएसएफ घालून ठेवलेलं बफर आज वापरणं म्हणजे इन्हिबिटरशिवाय काम करणं. फॉस्फोरिलेटेड, म्हणजे फॉस्फेट जोडलेलं, प्रथिन पाहायचं असेल तर फॉस्फॅटेझ इन्हिबिटरही हवं.

वाढवलेल्या पेशी असतील तर माध्यम काढून गार पीबीएसने (फॉस्फेट आणि मीठ असलेल्या बफरने) दोनदा धुवा. माध्यमातलं अल्ब्युमिन राहिलं तर ६६ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास जाड ठिपका येतो आणि शेजारचे बँड वाकडे करतो. मग पेशी फोडणारं रिपा बफर घाला. त्यात ५० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ, १ टक्का एनपी-४०, ०.५ टक्के सोडियम डीऑक्सिकोलेट आणि ०.१ टक्का एसडीएस असतं. पेशी खरवडून ट्यूबमध्ये घ्या आणि अर्धा तास बर्फावर ठेवा, मधून मधून हलवा. द्रव चिकट, तार धरणारा झाला तर तो डीएनए आहे. थोडं सोनिकेशन करा, म्हणजे ध्वनिलहरींनी तो तोडा, किंवा बारीक सुईतून आठ-दहा वेळा ओढा. हे टाळलं तर पुढे पिपेटमध्ये नेमका आकारमान येत नाही आणि वेलमध्ये, म्हणजे जेलच्या वरच्या काठावरच्या खाचेत, नमुना गोळ्यासारखा उडून बाहेर येतो.

४ अंशांवर १२,००० जी ला १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करून वरचा निवळ द्रव वेगळा करा. खालचा गाळ मात्र टाकू नका, ब्लॉटचा निकाल हाती येईपर्यंत तो उणे २० ला ठेवा. क्रोमॅटिनला घट्ट चिकटलेली किंवा सहज न विरघळणारी प्रथिनं कित्येकदा गाळातच बसलेली असतात, आणि आपण ती निवळ द्रवात शोधत बसतो.

आता मोजमाप. ब्रॅडफर्ड पद्धत झटपट होते आणि ५९५ नॅनोमीटरला वाचतात, पण डिटर्जंट जास्त असेल तर ती गडबडते. बीसीए पद्धत ५६२ नॅनोमीटरला वाचतात, ती डिटर्जंट सहन करते पण डीटीटीसारखी क्षपणकं सहन करत नाही. रिपा बफरमधल्या नमुन्यांसाठी मी बीसीएच सुचवीन, आणि तेही लोडिंग बफर (जेलमध्ये भरण्याआधी नमुन्यात मिसळायचं, एसडीएस आणि निळा रंग असलेलं बफर) घालण्याआधी. बीएसए या गाईच्या अल्ब्युमिनचा प्रमाणवक्र त्याच बफरमध्ये बनवा ज्यात नमुना आहे.

समजा नमुन्याची तीव्रता ३ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर आली आणि प्रत्येक लेनमध्ये, म्हणजे जेलमधल्या एकेका नमुन्याच्या उभ्या रांगेत, २० मायक्रोग्रॅम घालायचे आहेत. मग ६.७ मायक्रोलिटर नमुना, चौपट तीव्रतेचं लोडिंग बफर ५ मायक्रोलिटर आणि पाणी ८.३ मायक्रोलिटर, एकूण २०. सगळ्या नमुन्यांची अंतिम तीव्रता आणि आकारमान सारखं ठेवा. एका लेनमध्ये ८ आणि शेजारी २० मायक्रोलिटर घातले तर बँडची रुंदी बदलते आणि तुलना अवघड होते.

मिश्रण ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवा, झाकण घट्ट आहे ना ते पाहा, आणि मग क्षणभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून झाकणाला लागलेली वाफ खाली आणा. याला एक मोठा अपवाद आहे. पेशीपटलातून अनेकदा आरपार जाणारी प्रथिनं ९५ अंशांना गुठळ्या करतात आणि जेलच्या तोंडाशीच अडकतात. अशांसाठी ३७ अंशांवर अर्धा तास पुरतो. लोडिंग बफर घातल्यावर पांढरा साका आला तर बफरमध्ये पोटॅशियम जास्त आहे का ते बघा, पोटॅशियमचं डोडेसिल सल्फेट पाण्यात विरघळत नाही. नुसत्या गारव्यानेही एसडीएस खाली बसतं, ते मात्र कोमट केलं की परत विरघळतं.

जेल ओतणं

किती टक्क्यांचं जेल हे प्रथिनाच्या वजनावर ठरतं. १०० किलोडाल्टनच्या वर असेल तर ६ ते ८ टक्के, ३० ते १०० च्या दरम्यान १०, त्याहून लहान असेल तर १२, आणि १५-२० किलोडाल्टनच्या चिमुकल्या प्रथिनांना १५ टक्के. काहीच माहीत नसेल तर १० ने सुरुवात करा.

१० टक्क्यांच्या १० मिलिलिटर रिझॉल्विंग जेलसाठी:

पाणी ४.० मिलिलिटर
३० टक्के ॲक्रिलामाइड-बिसॲक्रिलामाइड ३.३ मिलिलिटर
१.५ मोलर ट्रिस, पीएच ८.८, २.५ मिलिलिटर
१० टक्के एसडीएस ०.१ मिलिलिटर
१० टक्के एपीएस ०.१ मिलिलिटर
टेमेड ४ मायक्रोलिटर

५ टक्क्यांच्या ४ मिलिलिटर स्टॅकिंग जेलसाठी पाणी २.७ मिलिलिटर, ॲक्रिलामाइड ०.६७ मिलिलिटर, पीएच ६.८ चं १ मोलर ट्रिस ०.५ मिलिलिटर, एसडीएस आणि एपीएस प्रत्येकी ४० मायक्रोलिटर, टेमेड ४ मायक्रोलिटर.

ॲक्रिलामाइडचं द्रावण मज्जासंस्थेला घातक आहे आणि कातडीतून आत जातं. हातमोजे नेहमी घाला, थेंब सांडला तर लगेच पुसा, आणि तेच हातमोजे घालून दाराची मूठ किंवा फोन धरू नका. गोठलेल्या जेलमध्येही न जुळलेले थोडे रेणू राहतात, त्यामुळे ते हाताळतानाही हातमोजे हवेतच. मर्कॅप्टोइथेनॉलचं काम फ्यूम हूडमध्ये करा.

काचा साबणाने, मग पाण्याने आणि शेवटी इथेनॉलने स्वच्छ करा. साच्यात आधी साधं पाणी भरून पाच मिनिटं थांबा, गळती असेल तर ती पाण्यातच कळलेली बरी. कोरड्या काचेवर कॉम्बच्या (वेल पाडणाऱ्या कंगव्याच्या) दातांच्या सेंटिमीटरभर खाली मार्करने खूण करा, तिथपर्यंत रिझॉल्विंग जेल भरायचं. एपीएस आणि टेमेड सगळ्यात शेवटी, कारण ही जेल गोठवणारी रसायनं पडली की घड्याळ सुरू होतं. एपीएस ताजं हवं. चांगल्या पावडरीवर पाणी घातलं की हलका कडकड आवाज येतो, तो आला नाही तर पावडरीने ओल धरलेली असते आणि जेल तासन्‌तास गोठत नाही.

ओतून झालं की वर आयसोप्रोपॅनॉलचा पातळ थर सोडा. हवेतला ऑक्सिजन ही प्रक्रिया अडवतो, आणि या थरामुळे पृष्ठभागही सपाट होतो. अर्ध्या तासात जेल आणि आयसोप्रोपॅनॉल यांच्यामध्ये एक लख्ख रेषा दिसते. उरलेलं मिश्रण ट्यूबमध्ये ठेवलेलं असेल तर ती तिरकी करून पाहा, पण काचेतलं जेल हलवून बघू नका. मग वरचा थर ओतून टाका, पाण्याने धुवा, फिल्टर पेपरच्या टोकाने पाणी टिपून घ्या, स्टॅकिंग जेल भरा आणि कॉम्ब थोडा तिरका धरून घाला म्हणजे दातांखाली बुडबुडे अडकत नाहीत.

जेल चालवणं

रनिंग बफर म्हणजे २५ मिलिमोलर ट्रिस, १९२ मिलिमोलर ग्लायसिन आणि ०.१ टक्का एसडीएस. याचा पीएच आपोआप ८.३ च्या आसपास येतो. तो आम्ल घालून जुळवू नका. आम्लातून क्लोराइड येतं, विद्युतप्रवाह वाढतो, जेल तापतं आणि आयनांचा जो क्रम वर सांगितला तोच बिघडतो.

कॉम्ब सरळ वर, सावकाश काढा. प्रत्येक वेल बफरने हलकेच धुवा, कारण तळाशी न गोठलेलं ॲक्रिलामाइड साचलेलं असतं. आता नमुना भरायचा. टिपचं टोक वेलच्या तोंडाशी, दोन काचांच्या मध्ये आणा, तळाला टेकवू नका. दट्ट्या अगदी हळू दाबा. लोडिंग बफरमध्ये ग्लिसरॉल असल्यामुळे निळा द्रव धाग्यासारखा खाली उतरतो आणि तळाशी सपाट बसतो. दट्ट्या पूर्ण दाबलेला असतानाच टिप बाहेर काढा, आत असताना सोडला तर नमुना परत ओढला जातो. एका बाजूच्या लेनमध्ये रंगीत मार्कर, म्हणजे वजन माहीत असलेल्या प्रथिनांचं मिश्रण, घाला, मधोमध नको, म्हणजे पुढे डावं-उजवं ओळखता येतं. रिकाम्या लेनमध्ये तेवढंच लोडिंग बफर घाला, नाहीतर शेजारची लेन तिकडे पसरते.

झाकण लावताना लाल तार लाल टोकाला, काळी काळ्याला. आधी ८० व्होल्ट. तळाच्या तारेवरून बुडबुडे उठू लागले म्हणजे प्रवाह चालू आहे. पाच मिनिटं तिथेच उभे राहा आणि निळ्या रंगाकडे पाहा. वेलमध्ये तो चांगला जाड पट्टा असतो, दोन जेलच्या सांध्यापाशी येईपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी रेघ होते. ती रेघ झाली तर तुमचे दोन्ही पीएच बरोबर आहेत. ती धूसर किंवा लहरी राहिली तर बफरमध्ये गडबड आहे. रेघ रिझॉल्विंग जेलमध्ये शिरली की १२० व्होल्ट करा आणि निळा रंग तळाशी पोचेपर्यंत, साधारण दीड तास, चालू द्या. घाईने व्होल्टेज वाढवलं तर मधला भाग जास्त तापतो, मधल्या लेन पुढे पळतात आणि बँड कडांना वर वळतात. पॉवर सप्लाय बंद करून तारा काढल्याशिवाय टाकीत हात घालायचा नाही.

पहिलं जेल फक्त रंगवा

माझा ठाम आग्रह आहे की पहिल्या जेलला अँटिबॉडी वापरूच नये. ते कूमासी निळ्यात रंगवा. तासभर रंगात ठेवा, मग मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिडच्या द्रावणात पार्श्वभूमी स्वच्छ होईपर्यंत रंग काढा. एका बँडमध्ये साधारण ५० ते १०० नॅनोग्रॅम प्रथिन असलं की कूमासीत दिसतं. त्याहून कितीतरी कमी, नॅनोग्रॅमभर असेल तर सिल्व्हर स्टेन लागतो, पण तो खर्चिक आहे, वेळखाऊ आहे आणि हाताचा ठसासुद्धा रंगवून दाखवतो. पुढे मास स्पेक्ट्रोमेट्री करायची असेल तर ग्लुटाराल्डिहाइड असलेला सिल्व्हर स्टेन टाळा.

या निळ्या जेलमध्ये पाहायचं काय? सगळ्या लेन सारख्याच गडद आहेत का, म्हणजे मोजमाप बरोबर आहे का. बँड स्वच्छ आहेत की खालच्या बाजूला धुरकट पसरलेत, म्हणजे नमुना कुजलाय का. वेलच्या तोंडाशी काही अडकलंय का. या तीन प्रश्नांची उत्तरं चांगली आली की मगच ब्लॉटकडे वळा. यात एक दिवस जातो, पण महागडी अँटिबॉडी खराब नमुन्यावर खर्च होत नाही.

जेलवरून पडद्यावर

जेलच्या आत अँटिबॉडी पोचू शकत नाही, म्हणून प्रथिनं एका पातळ पडद्यावर उतरवावी लागतात. विजेच्या मदतीने ती नायट्रोसेल्युलोजवर उतरवण्याची पद्धत टोबिन, श्टेहेलिन आणि गॉर्डन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. आज नायट्रोसेल्युलोजबरोबर पीव्हीडीएफही वापरतात. पीव्हीडीएफ जास्त प्रथिन धरतं आणि फाटत नाही, पण ते पाण्याला दूर लोटतं, त्यामुळे आधी अर्धा मिनिट मिथेनॉलमध्ये भिजवावं लागतं. ते विसरलं तर पडदा पांढरा आणि कोराच राहतो. छिद्रं नेहमी ०.४५ मायक्रॉनची चालतात. प्रथिन २० किलोडाल्टनहून लहान असेल तर ०.२ ची घ्या, नाहीतर ते आरपार निघून जातं.

ट्रान्सफर बफरमध्ये तेच ट्रिस आणि ग्लायसिन असतं, एसडीएसऐवजी २० टक्के मिथेनॉल. मिथेनॉल प्रथिनावरचं एसडीएस सोडवतं, त्याने प्रथिन पडद्याला चांगलं चिकटतं. पण ते जेलही आक्रसवतं, म्हणून १५० किलोडाल्टनच्या पुढच्या प्रथिनांसाठी मिथेनॉल १० टक्क्यांवर आणा आणि ०.०५ टक्के एसडीएस घाला.

आता सँडविच. ऋण टोकाकडून, म्हणजे कॅसेटच्या काळ्या बाजूकडून, क्रम असा: स्पंज, फिल्टर पेपर, जेल, पडदा, फिल्टर पेपर, स्पंज. प्रथिनं ऋणाकडून धनाकडे जातात, त्यामुळे जेल काळ्या बाजूला आणि पडदा लाल बाजूला. हा क्रम उलटला तर तुमची सगळी प्रथिनं बफरमध्ये जातात आणि परत मिळत नाहीत. सँडविच बफरमध्ये बुडवूनच रचा. पडद्याच्या एका कोपऱ्यावर पेन्सिलने खूण करा. जेलवर पडदा ठेवल्यावर वरून काचेची नळी किंवा रोलर फिरवून हवा बाहेर काढा, मधोमधून कडांकडे. जिथे बुडबुडा राहील तिथे प्रथिन उतरत नाही आणि ब्लॉटवर गोल पांढरा डाग पडतो. पडदा एकदा टेकला की सरकवू नका.

टाकीत बर्फाचा पॅक ठेवून १०० व्होल्टला तास ते दीड तास, किंवा थंड खोलीत ३० व्होल्टला रात्रभर. मोठ्या प्रथिनांसाठी मला रात्रभराची पद्धत जास्त भरवशाची वाटते.

पॉन्सो: पाच मिनिटांची तपासणी

पडदा काढल्यावर आधी पॉन्सो एस मध्ये टाका, ०.१ टक्का रंग ५ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये. पाच मिनिटांत गुलाबी बँड उमटतात. पाण्याने हलकं धुवा आणि फोटो काढा. पट्ट्या सगळ्या लेनमध्ये सारख्या आहेत का, कुठे गोल रिकामा डाग आहे का, मार्करचे मोठे बँडही उतरलेत का, हे सगळं इथे एका नजरेत कळतं. पाहून झालं की टीबीएसटीने (हे बफर पुढे दिलं आहे) धुतल्यावर रंग निघून जातो, अँटिबॉडीला काही अडथळा होत नाही. पडद्यावर गुलाबी काहीच नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. जेल कूमासीत टाका: प्रथिनं अजून तिथेच दिसली तर ट्रान्सफर कमी पडलं, तिथेही नसली तर सँडविच उलटं लागलं किंवा प्रथिनं आरपार गेली.

हा फोटो जपून ठेवा. प्रत्येक लेनमध्ये एकूण किती प्रथिन होतं याचा तो पुरावा आहे आणि शेवटी तुलना करताना तोच कामाला येतो.

ब्लॉकिंग आणि अँटिबॉडी

पडदा कुठल्याही प्रथिनाला धरतो, अँटिबॉडीलाही. म्हणून मोकळ्या जागा आधी भरून टाकायच्या. साय काढलेल्या दुधाची पावडर ५ टक्के, टीबीएसटीमध्ये, खोलीच्या तापमानाला एक तास. टीबीएसटी म्हणजे २० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ आणि ०.१ टक्का ट्वीन-२०, पीएच ७.६. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोरिलेटेड असतं, त्यामुळे फॉस्फो-अँटिबॉडीसाठी ५ टक्के बीएसए बरं. बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनवर आधारलेली पद्धत असेल तरी दूध नको, त्यात बायोटिन असतं.

पहिली अँटिबॉडी तुमच्या प्रथिनाला ओळखते. प्रमाण कंपनीच्या माहितीपत्रकात असतं, नसेल तर १:१००० ने सुरू करा, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये ५ मायक्रोलिटर. ४ अंशांवर रात्रभर, हलत्या फलाटावर. पडदा द्रवात सगळीकडून बुडलेला असावा. सकाळी टीबीएसटीने तीनदा, दर वेळी दहा मिनिटं धुवा. दुसरी अँटिबॉडी पहिलीला ओळखते, म्हणून पहिली कुठल्या प्राण्यापासून मिळवली आहे ते पाहूनच ती निवडा. पहिली सशाची असेल तर दुसरी सशाविरुद्धची. १:५००० ते १:१०,०००, एक तास, आणि पुन्हा तीन धुणी. दुसरीवर एचआरपी एन्झाइम जोडलेलं असेल तर कुठल्याच बफरमध्ये सोडियम अझाइड नको, ते एचआरपीला निकामी करतं. पडदा कुठल्याही क्षणी सुकू देऊ नका, सुकलेल्या भागावर काळे ठिगळ उमटतात.

चित्र घेणं

ईसीएलचे, म्हणजे बँडच्या जागी प्रकाश निर्माण करणाऱ्या रसायनांचे, दोन द्राव समप्रमाणात मिसळा, पडद्यावर पसरा, एक-दोन मिनिटं थांबा. एचआरपी आणि पेरॉक्साइडमुळे ल्युमिनॉलचं ऑक्सिडीकरण होतं आणि प्रकाश निघतो, तो कॅमेरा टिपतो. एकच फोटो काढून थांबू नका. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेगवेगळ्या वेळांचे फोटो घ्या. बँड पूर्ण काळा झाला, सॉफ्टवेअर संपृक्त झाल्याची खूण दाखवू लागलं, की त्या चित्रातून मोजमाप करता येत नाही. डोळ्याला तो छान दिसतो, पण दुप्पट आणि चौपट प्रथिनातला फरक त्यात पुसला गेलेला असतो.

बँड मध्ये पांढरा आणि कडेने काळा दिसला तर अँटिबॉडी फार जास्त झाली आहे, सबस्ट्रेट तिथे क्षणात संपतो. दुसरी अँटिबॉडी आणखी पातळ करा. सगळा पडदाच करडा झाला तर धुणी वाढवा आणि पहिलीचं प्रमाण कमी करा.

बँड आला, पण तो तुमचाच आहे का?

घाईने निष्कर्ष काढले जातात ते इथे. मार्करच्या बँडनी वेलपासून किती अंतर कापलं ते मोजा, ते निळ्या रेघेच्या अंतराने भागा आणि या गुणोत्तरासमोर वजनाचा लॉगॅरिदम मांडा. मधल्या भागात सरळ रेषा मिळते आणि तिच्यावरून तुमच्या बँडचं वजन काढता येतं. पण हे वजन अंदाजाचंच असतं. पी५३ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. जेलवर ते ५३ किलोडाल्टनला दिसतं, प्रत्यक्षात अमिनो आम्लांची बेरीज ४४ च्या आत येते, कारण त्याच्या प्रोलिनने भरलेल्या भागामुळे ते जेलमध्ये हळू सरकतं. साखरेचे रेणू जोडलेली प्रथिनं रुंद, धूसर पट्टा देतात. त्यामुळे बँड अपेक्षेपेक्षा पाच-दहा किलोडाल्टन वर आला म्हणून तो चुकीचा ठरत नाही, आणि बरोबर जागी आला म्हणून तो खरा ठरत नाही.

खात्री करायची तर अशी लेन हवी जिच्यात तुमचं प्रथिन नसल्याचं पक्कं माहीत आहे. जीन काढून टाकलेल्या पेशींचा नमुना सगळ्यात उत्तम, तो नसेल तर जीन दाबलेल्या पेशींचा. त्याबरोबर प्रथिन भरपूर असल्याचं माहीत असलेला एक नमुना. एक पट्टी फक्त दुसऱ्या अँटिबॉडीची ठेवा, तिच्यावर बँड आला तर तो तुमच्या प्रथिनाचा नाही. उंदराच्या ऊतींवर उंदराचीच अँटिबॉडी वापरली असेल तर ५० आणि २५ किलोडाल्टनला येणारे बँड हे बहुधा ऊतीतल्या अँटिबॉडीच्या जड आणि हलक्या साखळ्या असतात.

प्रमाणाची तुलना करायची असेल तर प्रत्येक लेनमध्ये सारखं प्रथिन होतं हे दाखवावं लागतं. त्यासाठी ४२ किलोडाल्टनचं बीटा-ॲक्टिन किंवा ३६ च्या आसपासचं जीएपीडीएच वापरायची रीत आहे. पण ही प्रथिनं इतकी मुबलक असतात की २० मायक्रोग्रॅमला त्यांचा बँड कित्येकदा संपृक्तच असतो, आणि काही उपचारांमुळे त्यांचं प्रमाणही बदलतं. माझं मत पॉन्सोच्या फोटोवरून एकूण प्रथिन धरण्याकडे झुकतं. काहीही निवडा, पण आधी एकच नमुना ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम असा घालून सिग्नल त्याच प्रमाणात वाढतो का ते पाहा. जिथे वाढ थांबते त्याच्या खालीच काम करा.

मूळ, न कापलेलं चित्र कॅमेऱ्याच्या फाइलमध्येच ठेवा, त्यात मार्कर दिसत असू द्या. चित्र उजळ किंवा गडद करायचं तर सगळं एकसारखं करा, एका लेनपुरतं नाही. नियतकालिकं ही मूळ चित्रं मागतात. वहीत जेलची टक्केवारी, अँटिबॉडीचा लॉट क्रमांक, प्रमाण आणि एक्सपोजरची वेळ लिहा. लॉट बदलला की तीच अँटिबॉडी वेगळी वागू शकते, आणि हा क्रमांक लिहिलेला नसेल तर कारण शोधायला काहीच उरत नाही. पडदा टाकून देऊ नका. टीबीएसटीने धुऊन, प्लास्टिकच्या पिशवीत ओला ठेवून ४ अंशांवर ठेवला तर थोड्याच दिवसांत वेगळ्या प्राण्यापासून मिळवलेली दुसरी एखादी अँटिबॉडी त्याच्यावर लावून पाहता येते.